धूरमुक्त पाड्याची शेगडी

वेणूने चूल बंद करावी, असा निर्णय जव्हारच्या डॉक्टरांनी दिला. त्याआधी त्यांनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि मग बोलताना तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितले. ही बाई ऐकणार नाही, हे त्यांना नळीतूनच कळले असावे.

“चुलीचा धूर आता अजिबात नको, आजी.”

“सोडते की चूल,” वेणू म्हणाली. “पण पोट मला सोडत नाय, त्याचं काय?”

“विजेची शेगडी घ्या. लहान मिळते, उचलून कुठंही ठेवता येते. प्लग लावला की झालं.”

वेणू माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या पाड्यात आलो. पोशेऱ्याच्या अलीकडे, ओहोळाच्या काठाला आमचा पाडा आहे. मी पुढे बालवाडीची बाई झाले, म्हणून सगळे मला ‘बाई’ म्हणतात. वेणू तेवढी अजून ‘चंद्रा’ म्हणते. तिचा नितीन ठाण्याला एका कंपनीत आहे. डॉक्टरांचे म्हणणे त्याच्या कानावर गेले तसा त्याने फोनवरून जाहीर केले, की शिमग्याला घरी येईन, तेव्हा आई चुलीपुढे दिसली तर तिला उचलून ठाण्याला नेईन.

वेणू एकदा ठाण्याला राहून आली आहे. सून योगिता चांगली आहे, सासूला हातात ताट देते. पण वेणूचे म्हणणे असे, की तिथे खिडकीतून खाली बघितले की माणसे दिसत नाहीत, नुसती डोकी दिसतात. आणि डोक्यांशी काय बोलायचे?

म्हणजे प्रश्न साधा होता. शिमग्याच्या आत वेणूच्या घरात शेगडी तापली पाहिजे. नाही तर वेणू पाड्यात राहत नाही. साध्या प्रश्नांचे मला नेहमीच भय वाटत आले आहे. अवघड प्रश्न माझ्या आयुष्यात आपोआप सुटले. साध्या प्रश्नांसाठी मात्र समित्या नेमाव्या लागल्या.

डॉक्टरांकडून निघालो ते तडक बाजारात कमलेशच्या दुकानात. कमलेश विजेची भांडी विकतो आणि एस.टी.ची वेळही सांगतो. त्याने दोन शेगड्या काढून ठेवल्या. एक काळ्या काचेची, सपाट, चकचकीत. तिला तो इंडक्शन म्हणत होता. दुसरी साधी, वर तारेचे वेटोळे असलेली, कॉइलची.

वेणूने पिशवीतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली वस्तू बाहेर काढली. तिची खापर, म्हणजे मातीचा तवा. दवाखान्यात जाताना ही बाई तवा घेऊन निघाली होती! तिने तो काचेच्या शेगडीवर ठेवला. कमलेशने बटण दाबले. शेगडी टीं टीं ओरडली आणि विझली.

“ही काय म्हणते रे?”

“ही म्हणते, वर काही ठेवलेलंच नाही.”

“आंधळी हाये का?”

“आजी, ही लोखंड ओळखते. माती ओळखत नाही.”

“मग जव्हारात कशाला आली?” वेणूने विचारले.

कमलेशने दुसरी शेगडी पुढे सरकवली. “ही घ्या. हिच्यावर काहीही ठेवा, तापवते. पण दिसायला जरा अशीच आहे.”

“दिसायचं काय करतोस? पोरगी बघायला नाय आलो, भाकर भाजायला आलो.”

निवड झाली. डॉक्टरांच्या दारातून निघाल्यापासून एस.टी. सुटायच्या आत. मी माझ्या आयुष्यात एवढी झटपट सुधारणा पाहिली नव्हती, त्यामुळे मला आतून धास्ती वाटू लागली. आणि कमलेश खोक्याला सुतळी बांधत असतानाच दुकानात सुदेश शिरला.

सुदेश माझ्या बालवाडीत होता. तेव्हाही तो कधी रडला नाही. कोण कोण रडले ते येऊन सांगायचा. पुढे तो ‘सुधारित इंधन व धूरनिवारण कक्ष’ या नावाच्या कचेरीत लागला. ही कचेरी शिंप्याच्या दुकानावर आहे आणि जिन्यात कायम कोळशाच्या इस्त्रीचा धूर असतो.

“बाई, ते खोकं खाली ठेवा,” सुदेश म्हणाला. “अनर्थ कराल.”

“काय झालं रे?”

“‘धूरमुक्त आदर्श पाडा’ योजना येतेय. प्रत्येक घराला शेगडी फुकट. तुमच्या पाड्याचं नाव मीच घातलंय. पण अट अशी, की पाड्यात आधीपासून एकही विजेची शेगडी नको. एका घरी जरी सापडली तरी सगळा पाडा सधन धरतात.”

“सधन म्हणजे?” वेणूने विचारले.

“म्हणजे तुमच्याकडे आहे.”

“काय हाये?”

“शेगडी.”

वेणूने सुतळी बांधलेल्या खोक्याकडे बघितले, मग माझ्याकडे. तिच्या एका भाकरीपायी सगळ्या पाड्याची शेगडी जाणार होती. अशी बाई ठाण्यालाच काय, कुठेच सुखाने राहू शकत नाही. तिने खोके कमलेशकडे परत सरकवले.

“योजनेची कधी मिळंल?”

“लवकरच,” सुदेश म्हणाला.

हा शब्द मी लहानपणापासून ओळखते. तो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, पण त्याची तब्येत अजून उत्तम आहे.

भात झोडून झाले, नागली, म्हणजे नाचणी, घरात आली, तेव्हा सुदेश दोन नमुने घेऊन पाड्यावर आला. नमुना अ आणि नमुना ब. तीच काचेची आणि तीच कॉइलची. फरक एवढाच, की आता त्यांच्यावर अ आणि ब लिहिले होते. निवड लोकसहभागातून करायची होती. कक्षाला स्वतः निवडता आली असती. पण मग ती बिघडल्यावर जबाबदार कोण, हा प्रश्न उरला असता. लोकांनी निवडली की तो उरत नाही. निवड समिती नेमली गेली आणि मला तिच्यात ‘ज्येष्ठ अनुभवी सदस्य’ म्हणून घेतले. अनुभव म्हणजे आधीच्या सगळ्या योजना मला आठवत होत्या.

आणि आठवतातच. तरुणपणी आमच्याकडे निर्धूर चूल आली. तिला छपरातून बाहेर जाणारा लांब नळ होता. चूल पहिल्या पावसाळ्यात विरघळली. नळ मात्र टिकला. तो झऱ्याला लावला आणि पाड्याला पहिल्यांदा धारेखाली हंडा भरता आला. मग सौर कुकर आला. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा. त्यात डाळ शिजायची, पण पाहुणे येण्याच्या नेमक्या दिवशी आभाळ भरायचे. पलीकडच्या घरातल्या जानीच्या कोंबडीने ती पेटी ताब्यात घेतली आणि तिच्यात इतकी पिल्ले निघाली, की पशुसंवर्धनातही आमचे नाव झाले. आरशापुढे सगळ्या पाड्याच्या मुलींनी वेण्या घातल्या. गोबरगॅसच्या घुमटावरून दोन पिढ्या घसरगुंडी खेळल्या. त्यानंतर आलेली गॅसची टाकी रिकामी झाली, पण वादळात दार लोटून धरायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. सुधारणा आमच्याकडे कधी वाया गेली, असे कोणी म्हणू शकणार नाही.

त्यामुळे पाड्यातल्या बाया शेगड्या पाहायला आल्या, त्या अनुभवाने पाहू लागल्या. जानीने काचेवर बोटाने टकटक केले.

“हिच्यावर कोंबडी बसंल का?”

सुदेश खूश झाला. “का नाही? आधी कापून, धुवून, भांड्यात—”

“तशी नाय रे बाबा. अंडी उबवाया. आमची ती आरशाची पेटी फुटली.”

पारू म्हणाली, “सपाट हाये, पाट म्हणून बरी. पण बंद पडल्यावर तापत नाय ना? पोरं बसतील.”

“बंद कशाला पडेल?” सुदेशने विचारले.

पारूने काच पदराने पुसून दिली. पाहुण्याला दुखवायचे नसते.

मग नमुना ब हातोहात फिरला. त्याच्याविषयी मत वाईट पडले. बंद पडली की नुसती वाकडी तार; हिचा उपयोग काय? पारूने त्या तारेवर सुके मासे टांगता येतील असे सुचवले, पण तिला पाठिंबा मिळाला नाही. एवढ्यात वेणू मागून म्हणाली,

“हिच्यावर भाकर होते का, ते कुणी इचारलं का?”

सगळा पाडा वळून तिच्याकडे बघू लागला. लग्नाच्या मांडवात कुणी नवऱ्या मुलाचे वय विचारले की बघतात, तसा. सुदेश समजुतीच्या आवाजात म्हणाला, “आजी, तो मुद्दा दुसऱ्या टप्प्यात आहे.”

हात वर झाले. कॉइलसाठी वेणूचा एक आणि माझा एक, बाकी सगळे काचेसाठी. सुदेशने वृत्तांत लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: ‘लाभार्थी महिलांनी सखोल तांत्रिक चर्चेअंती, दीर्घकालीन उपयुक्तता विचारात घेऊन नमुना अ पसंत केला.’ यात एक शब्दही खोटा नव्हता.

“मातीचा तवा चालत नाही हिच्यावर,” मी सदस्य या नात्याने म्हणाले.

“त्यासाठी अनुरूप भांडी योजना आहे, बाई. तिची समिती वेगळी.”

संक्रांत गेली. वेणू तोवर चुलीवरच भाकर भाजत होती. भाजून झाली की बाहेर अंगणात येऊन खोकायची आणि खोकून झाले की सुदेशला शिव्या द्यायची. शिव्यांना दम पुरत नाही, अशी तिची मुख्य तक्रार होती. मग एकदा सुदेश आला, तो हसतच.

“शेगड्या आल्या! जव्हारला खोलीत रचून ठेवल्यात.”

“मग आण की इथे.”

“आणतो. पाडा धूरमुक्त झाला की लगेच वाटप.”

मला वाटले, वयोमानाने माझ्या ऐकण्यात चूक होत असेल. “अरे, वाटप झाल्यावर पाडा धूरमुक्त होईल ना?”

“बाई, योजनेचं नाव काय? ‘धूरमुक्त आदर्श पाडा’. शेगडी कुणाला? धूरमुक्त आदर्श पाड्याला. धूर निघणाऱ्या पाड्याला आदर्श म्हणून शेगडी दिली, तर उद्या चौकशी माझी लागेल.”

“मग तोवर शिजवायचं कशावर?”

“तो पाड्याचा अंतर्गत विषय आहे,” सुदेश म्हणाला. “कक्ष त्यात ढवळाढवळ करत नाही.”

तो गेल्यावर जानीने थोडा विचार केला. “पाड्याची हद्द कुठवर?”

“ओहोळापर्यंत.”

“मग पलीकडं शिजवू.”

ओहोळापलीकडे गोमाचा माळ आहे. गोमा म्हातारा तिथे एकटाच खोपटात राहतो आणि त्याचे खोपटे कागदोपत्री दुसऱ्या पाड्यात पडते. जानीने त्याची परवानगी विचारली. गोमाने अट घातली, की रोज कोणत्यातरी घरची एक भाकर भाडे म्हणून मिळावी. दुसऱ्या दिवशी सगळा पाडा डोक्यावर चुलीचे दगड घेऊन ओहोळ ओलांडू लागला. पुढे दगड, मागे सरपण, त्याच्यामागे पातेली आणि सगळ्यांत शेवटी मुले, कारण जेवण जिकडे मुले तिकडे. पोशेऱ्याहून येणाऱ्या एकाने विचारले, “कुणाचं लगीन हाये?” पारू म्हणाली, “चुलीचं. सासरी धाडतो.”

इथवर ठीक होते. पण चूल गेली की नुसता धूर जात नाही. आमच्याकडे चुलीवर माळ्याला पुढच्या वर्षाचे बी टांगलेले असते. नागलीची कणसे, मक्याची कणसे, काकडी-भोपळ्याच्या बियांची पुडकी. वर्षभर धूर लागतो म्हणून त्यांना कीड लागत नाही. धूर थांबला तशी जानीच्या मक्यात भुंगे दिसले. तेव्हा बीसुद्धा पलीकडे गेले. गोमाच्या मोहाच्या झाडाखाली चुली आणि फांद्यांना कणसांचे झुबके, अशी व्यवस्था झाली. मग धूरमुक्त घरांतून डास आले. त्यामुळे संध्याकाळी माणसे पलीकडे बसू लागली. माणसे तिकडे, तर वासरे इकडे कशाला? तीही गेली. महिन्याभरात पाडा पूर्णपणे धूरमुक्त झाला, आणि जवळजवळ माणूसमुक्तही. गोमा मात्र उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच अंगाने भरला.

इकडे उरलो वेणू आणि मी. धुरापायी वेणूला ओहोळापलीकडे जायची बंदी, आणि तिला एकटी टाकायला मी तयार नव्हते. जानी तिच्यासाठी रोज भाकर घेऊन यायची. वेणूचा श्वास सुधारला, जीभ त्याहून सुधारली.

“दुसऱ्याच्या हातची भाकर म्हंजे ठाणंच की गं, चंद्रा. नुसती लिफ्ट नाय.”

“थोडं थांब. शेगडी आली की तुझ्या हातची.”

“शिमगा काय लांब राह्यला? नितीन येईल, बघंल आई फुकटची खाते. म्हणंल, खायचीच तर योगिताच्या हातची खा. मग काय बोलू?”

समितीची ज्येष्ठ सदस्य या नात्याने मी म्हणाले, “शेगडी लवकरच येईल.”

शेवटी तपासणी पथक आले. साहेब, सुदेश, आणि हवेत धरायचे एक यंत्र. यंत्र घराघरांतून फिरले. साहेबांनी थंड पडलेल्या चुलींच्या जागा बघितल्या, हात फिरवून बघितला, बोटाला राख लागली नाही. धूर निरंक, असा शेरा पडला. “लोकांनी ठरवलं तर काय होऊ शकतं!” असे ते वेणूलाच म्हणाले, कारण लोकांपैकी घरात तेवढीच होती.

मग त्यांची नजर ओहोळापलीकडे गेली. मोहाचे झाड धुरात बुडालेले.

“ते काय आहे?”

“साहेब, ती हद्दीबाहेरची परिस्थिती आहे,” सुदेश म्हणाला.

साहेब म्हणाले, “बिचारे. इकडे एवढी जागृती आणि पलीकडे हा अंधार. सुदेश, खरी गरज कुठे आहे ते दिसतंय ना? हा पाडा तर शेगडीशिवायच धूरमुक्त झाला. यांना शेगड्या कशाला? तिकडे द्या.”

योजनेत एवढी स्वच्छ तर्कसंगती मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. वेणू म्हणाली, “अरे पण त्या धुराखाली आमचीच—” तोवर गाडी सुरू झाली होती.

शेगड्या पलीकडे गेल्या. पलीकडचा नोंदलेला रहिवासी एकच, गोमा. त्यामुळे आमच्या सगळ्या पाड्याच्या शेगड्या एकट्या गोमाला मिळाल्या. तो फोटोत मधोमध उभा राहिला, दोन्ही बाजूंना खोक्यांच्या थप्प्या. त्याच्या नावच्या शेगड्या ओहोळापार आमच्याकडे आणायला परवानगी नाही, आणि त्याच्या खोपटात वीज नाही. पण विजेची योजना निराळी, तिची समिती निराळी. गोमाने खोकी फोडली, शेगड्या मोहाखाली चुलींभोवती गोल मांडल्या आणि बायांना म्हणाला, “बसा गं. गार हायेत.”

जानी त्या काळ्या काचेवर ऐसपैस बसली, पीठ मळायला घेतले आणि मला हाक मारली, “बाई, बघा! म्हणून सांगत व्हते, सपाटच घ्या.”

एवढे झाल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आमचा पाडा आता आदर्श झाला होता, आणि ते नाव जाऊ नये म्हणून चुली पलीकडेच ठेवल्या होत्या. आदर्श पाड्याला पुढे काहीच मिळत नाही. म्हणजे आता आम्ही काहीही विकत घेतले तरी कुणाचे नुकसान नव्हते. मी वेणूला म्हणाले, “चल.” ती म्हणाली, “तवा घेऊ?” मी म्हणाले, “नको. तेवढा वेळ नाही, मधे कुणी समिती नेमेल.”

कमलेशने कॉइलची शेगडी काढून दिली. आम्ही दोघी येताना एस.टी.त मागच्या बाकावर बसलो आणि खोक्यावर वेणूने पदर टाकला, शाळेतून मूल पळवून आणावे तसा. वाटेत दोघींना जे हसू फुटले, ते खोडाळ्याच्या बाजारात उतरणाऱ्या बायांनासुद्धा लागले, कशाला हसतो ते कुणालाच माहीत नसताना.

घरी प्लग लावला. वेटोळे आधी काळे, मग विटकरी, मग लाल झाले. वेणूने खापर ठेवली, हातावर नागलीची भाकर थापली, टाकली, पाणी फिरवले, उलटली. भाकर फुगली. धूर नाही, खोकला नाही. तिने पहिला तुकडा मला दिला.

“कशी हाये?”

“जरा कच्ची आहे.”

“मग खरी हाये,” वेणू म्हणाली. “योजनेतली असती, तर कागदावर भाजलेली असती.”

शिमग्याला नितीन आला. ढोल वाजत होते, मुंबई-ठाण्याकडे गेलेली सगळी माणसे परत आली होती, आणि चुली ओहोळापलीकडे बघून प्रत्येकजण घरच्यांना वेड लागले की काय, असे विचारत होता. नितीनने आईच्या घरात पाऊल ठेवले, वर बघितले, भिंतीला बोट लावले, शेगडीला हात लावून चटका घेतला. आईच्या हातची गरम भाकर खाल्ली. जाताना म्हणाला, “आई, आता मला काळजी नाय.” वेणूने त्याला ओहोळापर्यंत पोचवले आणि परत येऊन माझ्यापुढे चक्क फुगडीचा एक फेर घातला. दम लागला नाही.

हे इथेच संपायला हवे होते. माझी तशी तयारीही होती. पण गोमाच्या माळाला लागून खोडाळ्याचा रस्ता जातो, आणि त्या रस्त्याने, वाचकहो, तुम्ही जाता.

तुमची पहिली गाडी थांबली तेव्हा जानी चुलीवर आमटी ढवळत होती. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, “मावशी, चुलीवरचं मिळेल का? अस्सल?”

जानीला अस्सल म्हणजे काय ते कळले नाही, पण भूक कळली. तिने वाढले. तुम्ही मोहाखाली बसलात, कशावर बसलात ते पाहिले नाहीत. वर टांगलेले बियाणे बघून “ही सजावट कोणी केली? किती साधी आणि सुंदर!” असे विचारलेत. पुढच्या रविवारी चार गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी रस्त्याला जागा उरली नाही. सुदेशसुद्धा साहेबांना कुटुंबासह घेऊन आला. साहेबांना घरी धूर चालत नाही, पण जेवणाला लागतो.

बायांना आमटी जमली, चटणी जमली. पण एवढ्या गाड्यांना भाकरी पुरवणे लाकडांवर जमेना. तेव्हा वेणूने आपली शेगडी कामाला लावली. ती घरात बसून खापरीवर भाकरी भाजायची, पारू त्या टोपलीतून ओहोळापार न्यायची आणि चुलीपुढे नेऊन एकेक भाकर जरा विस्तवाला दाखवायची, देवाला निरांजन दाखवावे तशी. मग ती तुमच्या पानात पडायची.

“ही चव गॅसला येणारच नाही!” असे तुम्ही म्हणालात. ते खरेच होते. गॅस नव्हताच.

मी याला फसवणूक म्हणत नाही. तुम्ही बोटे चाटून खाल्लीत, बायांना सुगीनंतर हाताला काम मिळाले, वेणू स्वतःच्या घरात स्वतःच्या भाकरी भाजत होती आणि तिच्या भाकरी सगळ्यांच्या आधी संपत होत्या. या आनंदात ती नितीनच्या फोनवर पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलायची.

पण तुम्हाला फोटो हवा होता.

जानीचा काढलात, पारूचा काढलात, मग म्हणालात, “एखादी आजी नाही का? चुलीपुढे फुंकणीने फुंकर मारणारी? सुरकुत्या असलेली?” सुरकुत्या माझ्याही आहेत, पण मला तुम्ही चष्मा काढायला सांगितलात, आणि मग मला चूल दिसेना. शेवटी वेणूला बोलावणे गेले. नको जाऊ, असे मी म्हणाले. ती म्हणाली, “एक फोटो तर. डॉक्टरांनी धूर बंद केलाय, फोटो नाय.” नवे लुगडे नेसून ती ओहोळापार आली. तुम्ही म्हणालात धूर कमी आहे, म्हणून कुणीतरी चुलीत ओला पाला घातला.

त्या फोटोत वेणूचे गाल टम्म फुगलेले आहेत. तुम्हाला वाटले ती फुंकर मारते आहे. ती श्वास धरून बसली होती. तुम्ही म्हणत होतात, “आजी, अजून एक! नैसर्गिक! एक उभा घेतो!”

तो फोटो फार गाजला म्हणतात. तुम्ही त्याच्याखाली ‘आमची संस्कृती’ असे लिहिलेत आणि शेजारी लाल बदाम काढलात. तो फिरत फिरत योगिताच्या मोबाइलवर गेला आणि तिने तो नितीनला दाखवला. नितीनचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

“आई, मला दाखवायला शेगडी घेतलीस होय?”

“अरे, शेगडीवरच करते मी. इचार चंद्राला.”

“आणि हे काय आहे मग? एवढा धूर!”

“ते फोटोपुरतं रे.”

“आई, फोटोत दिसतंय ना!”

मी फोन घेतला. नितीनही माझ्या बालवाडीतला. त्याला सगळे समजावून सांगितले: ओहोळ, हद्द, गोमा, टोपली, ओला पाला. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, “बाई, तुमचं वय झालं. तुम्हीपण तिच्याबरोबर ठाण्याला येता का?”

माझे बोलणे त्याला पटले नाही, आणि तुमचा फोटो पटला. यात त्याचाही दोष नाही. फोटो अस्सल होता.

तो येत्या रविवारी भाड्याची गाडी घेऊन तिला न्यायला येतो आहे. वेणूने कपडे बांधले आहेत. शेगडी ती जानीला देऊन जाणार, म्हणजे तुमच्या भाकरीत खंड पडणार नाही. रविवारी तुम्हीही येणारच. तेव्हा एवढीच विनंती आहे, की तुमची गाडी जरा झाडाच्या बाजूला लावा. नितीनच्या गाडीला वळायला जागा लागेल.